न पडलेल्या मजल्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष डॉ. पाटणकर व सर्व कार्यकारिणी सदस्य,
आपले मराठी मंडळ, लेस्टर.

अर्जदार : श्रीपती बाबूराव माने, व्यवसाय अर्जलेखन, बसण्याची जागा, बेलग्रेव्ह रोडवरील हरीशभाईंच्या मिठाईच्या दुकानातील मागचे टेबल.

ज्यांच्याविषयी अर्ज आहे ते : फुआद नज्जार, मूळ राहणार बैरूत, लेबनॉन, आधी इंजिनियर, मग कारखानदार, मग आपल्या वॉर्डाचे कौन्सिलर.

घटनेचे स्थळ व काळ : जुन्या होजिअरी मिलच्या पहिल्या मजल्यावरील मंडळाचा हॉल, सन २००६चा गणेशोत्सव आणि त्यानंतरची निवडणूक.

साक्षीदार : सौ. सुमनताई जगदाळे, निवृत्त नर्स व मंडळाच्या लेझीम पथकाच्या शिक्षिका, हरीशभाई, दुकानदार, आणि स्वतः मा. अध्यक्ष, त्यांची इच्छा असो वा नसो.

महोदय,

हा अर्ज मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. ज्यांच्याविषयी तो आहे त्यांनी तर तो लिहू नका असेच मला बजावले होते. तरीही लिहितो, कारण गेल्या महिन्यातील वार्षिक सभेत आपण हॉलच्या नूतनीकरणाचा वृत्तांत वाचलात. त्यात कार्यकारिणीतील प्रत्येकाचे नाव आले, चहा पुरवणाऱ्याचेही आले, आणि फुआद नज्जार यांचे नाव एकदाच आले, तेही "उत्सवात विघ्न आणणारे तत्कालीन कौन्सिलर" अशा शब्दांत. सभागृह हसले. मी हसलो नाही. आपण विचारलेत, "माने, तुमचा काही पॉइंट आहे का?" मी उठलो, तेव्हा आपण घड्याळाकडे पाहिलेत. म्हणून मुद्दा लेखी देत आहे.

माझे शिक्षण नववीपर्यंतचे, हे आपण दोन वेळा चारचौघांत काढले आहे. परंतु माझे वडील कराडच्या मामलेदार कचेरीबाहेर अर्ज लिहीत आणि त्यांच्या हातचा अर्ज परत आला असे मी ऐकलेले नाही. या गावातील निम्म्या कुटुंबांची घरांची, व्हिसाची, पेन्शनची कामे माझ्या टेबलावरून मार्गी लागली आहेत. पुरावा कशाला म्हणतात हे मला कळते. आणि पुरावा कोठे मिळत नाही, हे मला फुआदसाहेबांमुळे कळले.

त्यांचे सगळे चरित्र मला ठाऊक नाही. यादवी युद्धाच्या काळात ते बैरूतहून आले, त्यांची डिग्री येथे कोणी विचारली नाही, दुसऱ्यांचे नकाशे काढीत त्यांनी काही वर्षे काढली आणि मग स्वतःचा कारखाना घातला, एवढे मला माहीत आहे. दुकानांच्या मागच्या बाजूला आगीच्या वेळी उतरायचे जे लोखंडी जिने असतात, ते त्या कारखान्यात तयार होत. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत शिरा. दर तिसरा जिना त्यांचा आहे. मराठी माणसाने आजवर त्यावर फक्त कुंड्या ठेवल्या.

ठेंगणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ. खोलीत शिरताना आपण समोर पाहतो. हे आधी वर पाहत. हरीशभाईंच्या मुलीच्या लग्नात सारा हॉल नवरीकडे पाहत होता आणि हे मान मागे टाकून छताकडे.

हरीशभाई म्हणाले, "सर, ब्राइड इकडे खाली आहे!"

"ब्राइडला तिचा नवरा धरील," हे म्हणाले. "त्या झुंबराला कोण धरून आहे ते बघतोय."

आमचे बोलणे इंग्रजीत होई. येथे ते मराठीत देत आहे. मला ते "उस्ताज" म्हणत. त्यांच्या देशात शिक्षकाला, वकिलाला, अक्षरांवर पोट भरणाऱ्या माणसाला असे म्हणतात. लेस्टरमध्ये मला असे संबोधणारे ते एकटेच होते. आपण मला "माने" म्हणता.

पहिली भेट २००३च्या निवडणुकीआधीची. मराठी मतदारांसाठी आवाहन लिहून हवे म्हणून ते माझ्या टेबलाशी आले. मी मन लावून मसुदा तयार केला. कार्यतत्पर, सेवाभावी, निःस्वार्थ, जनतेचा कैवारी, अशी सर्व सामग्री त्यात होती. त्यांनी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला आणि प्रत्येक अर्थ ऐकल्यावर एकच प्रश्न केला, "उस्ताज, हा शब्द कशाचा भार घेतो?"

"भार नाही साहेब. शोभा आहे."

"मग काढा. शोभेचा खांब मी कधी लावलेला नाही."

अशा रीतीने एकेक शब्द गेला. शेवटी उरले ते असे : "मी फुआद नज्जार. मी जिने बनवतो. तुमच्या घराला किंवा दुकानाला धोका असेल, तर तो मला दिसेल. दिसला की मी सांगेन." असल्या आवाहनावर निवडणूक जिंकता येत नाही, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले. ते जिंकले. अध्यक्षमहोदय, त्यातले शेवटचे वाक्य कृपया पुन्हा वाचावे. पुढे काय करणार हे या माणसाने आधीच लिहून घरोघर वाटले होते. त्या वाक्याला आपण मत दिले आणि तेच वाक्य त्यांनी खरे केले तेव्हा त्यांना शिक्षा दिली.

प्रचारात मी त्यांच्याबरोबर आपल्या घरी आलो होतो. आपण मोठ्या उत्साहाने नवे स्वयंपाकघर दाखवलेत. "धिस वॉज ऑल क्लोज्ड, यू नो. भिंत काढली, चिमणी काढली. आता कंप्लीट ओपन प्लॅन!"

फुआदसाहेबांनी वर पाहिले. "डॉक्टर, चिमणीचा वरचा विटांचा भाग? बेडरूममधला?"

"तो आहे की. तिथे आम्ही पुस्तकांचं शेल्फ केलंय."

"आणि त्या शेल्फच्या खाली काय आहे?"

खाली आपण उभे होतात. आपण म्हणालात, "बिल्डर सेज इट्स फाइन."

"बिल्डर इथे खाली झोपतो का?"

पाटणकरवहिनी खळखळून हसल्या. आपण हसला नाहीत. दारापर्यंत पोहोचवायला आलात आणि म्हणालात, "मिस्टर नज्जार, तुम्ही वोट मागायला आलात की आम्हाला घाबरवायला?"

"दोन्हीला. पण आधी खालून टेकू लावा. वोट नंतर दिलंत तरी चालेल."

पुढच्या आठवड्यात आपल्या दारातून लोखंडी तुळया आत गेल्या. हे मी म्हणत नाही. समोर राहणाऱ्या सुमनताई म्हणतात. त्या तुळयांबद्दल आपण त्या माणसाचे आभार मानल्याचे कोणी पाहिलेले नाही. मला वाटते, मंडळाचे त्यांच्याशी वैर तेथून सुरू झाले. परंतु मनातल्या गोष्टीचा पुरावा देता येत नाही, म्हणून हा मुद्दा मी पुढे ताणीत नाही.

आता २००६चा उन्हाळा. लेबनॉनवर बॉम्ब पडत होते आणि आपण सगळे ते टीव्हीवर पाहत होतो. एका दुपारी मी कोणाच्या तरी कागदावर सही घ्यायला त्यांच्या कारखान्यात गेलो. ऑफिसात टीव्ही चालू होता. डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा एक मोडलेला पूल दाखवीत होते. फुआदसाहेब उभे होते. कामगार दारात गोळा झाले होते. मला मागून कळले की इंजिनियर म्हणून त्यांनी केलेले पहिले काम तोच पूल होता, आणि त्यांची बहीण त्या पुलापलीकडच्या गावात अडकलेली होती.

फुआदसाहेब म्हणाले, "तिसरा खांब उभा आहे."

मग टीव्ही बंद करून त्यांनी माझा कागद मागितला, पूर्ण वाचला, त्यात पत्ता चुकला होता तो मला दाखवला आणि दुरुस्त झाल्यावरच सही केली. हा प्रसंग मी मुद्दाम नोंदवीत आहे. "स्वतःच्या देशातला राग त्याने आपल्या गणपतीवर काढला" असे वाक्य त्या वर्षी मंडळात फिरत होते. राग काढणारा माणूस असा नसतो.

त्याच सुमारास लेझमीच्या तालमी सुरू झाल्या. त्या वर्षी सुमनताईंच्या पथकात बायका, पुरुष आणि मुली मिळून सारा हॉल भरला होता. उद्घाटनाला नारळ वाढवायला कौन्सिलर म्हणून फुआदसाहेबांना आपणच बोलावले होते. नारळ फुटला, हलगी सुरू झाली, पथक चार पावले पुढे, चार मागे गेले आणि मग सगळे एकदम उडी घेऊन खाली आले. फुआदसाहेब टाळ्या वाजवीत होते. त्या उडीनंतर त्यांच्या टाळ्या थांबल्या. दुसऱ्या उडीनंतर त्यांनी टेबलावरचा चहा उचलून खिडकीत ठेवला आणि त्यावर उठणाऱ्या तरंगांकडे पाहत राहिले. तिसऱ्या उडीनंतर त्यांनी सुमनताईंना हाताने थांबा अशी खूण केली आणि मला म्हणाले, "उस्ताज, खालच्या मजल्यावर कोण आहे?"

खाली गालिच्यांचे गोदाम. आम्ही आत गेलो. मिलच्या काळातले ओतीव लोखंडाचे खांब सारख्या अंतरावर रांगेने उभे होते. मध्येच दोन जागा रिकाम्या होत्या आणि पुढे रांग पुन्हा सुरू होत होती. रिकाम्या जागांवर छताला दोन गोल डाग होते, वरून पांढरा रंग मारलेला.

"इथले खांब?" फुआदसाहेबांनी गोदामवाल्याला विचारले.

"माझ्या आधीच्या माणसाने काढले. फोर्कलिफ्ट वळत नव्हती म्हणे."

तेवढ्यात वर पुन्हा हलगी सुरू झाली. सुमनताईंना वाटले असणार, साहेब गेले, आता चालू करू. पथक उडी घेऊन खाली आले आणि छतातून बारीक पांढरी धूळ लाल गालिच्यांवर उतरली. ती मी स्वतः पाहिली आहे. त्या वेळी मी त्या डागाखाली उभा होतो. फुआदसाहेबांनी माझा दंड धरून मला बाजूला ओढले आणि ते जिन्याने वर धावले. वय झालेला जड अंगाचा माणूस धावताना मी तेव्हा पाहिला.

त्या संध्याकाळी कार्यकारिणीची तातडीची बैठक झाली. आपले वाक्य असे होते : "अहो, इथे वर्षानुवर्षं मशीन्स चालल्या आहेत. त्या मशीन्सपेक्षा आमच्या बायका जड आहेत का?"

सगळे हसले. सुमनताई म्हणाल्या, "डॉक्टर, जपून बोला हं. वजनकाटा तुमच्यापासून सुरू करू." आणखी हशा झाला. मग त्या फुआदसाहेबांकडे वळल्या. त्यांनाही राग आला होता. "साहेब, आमच्या लेझमाने इंग्रजांचा मजला हलत असेल, तर आम्ही अजून जोरात नाचू. एवढी वर्षं यांच्या हॉस्पिटलच्या वॉर्डांत हळू पावलं टाकली आम्ही."

फुआदसाहेबांनी हशा ओसरू दिला. म्हणाले, "मशीन्स होत्या तेव्हा खांबही होते. आणि मशीन्स एकदम उडी मारत नाहीत." मग त्यांनी आपल्या गावाकडची गोष्ट सांगितली. त्यांच्या डोंगरात जुन्या घरांची छपरे मातीची असत. हिवाळ्याआधी शेजारीपाजारी छपरावर चढत, हातात हात घालत आणि गाणे म्हणत एका तालावर पाय आपटत. त्याने माती दबून घट्ट होई. त्यांच्याकडचा लग्नातला नाच त्यातूनच आला, असे ते म्हणाले. "शंभर माणसं आपापली चालली तर छपराला कळतसुद्धा नाही. दहा जणांचा पाय एकाच वेळी पडू द्या, माती दगडासारखी होते. मी लहानपणी हे केलंय. ताल काय करू शकतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मॅडम, तुमचं पथक चांगलं आहे. वाईट असतं, पाय मागेपुढे पडत असते, तर मी इतका घाबरलो नसतो."

सुमनताईंच्या पथकाची इतकी मोठी प्रशंसा कोणी केली नव्हती, आणि ती या कारणासाठी का व्हावी हे त्यांना कळेना.

फुआदसाहेबांनी मार्गही सुचवला : लेझीम मागच्या आवारात, वर फक्त मूर्ती आणि थोडी माणसे. उत्तर मिळाले, "इंग्लंड आहे हे. पाऊस येणार." मागच्या रांगेतून कोणी तरी बोलले, "खांबांची ऑर्डर हवीय ना तुमच्या फॅक्टरीला? स्ट्रेट सांगा की."

हे ऐकून आपण त्या माणसाला थांबवायला हवे होते. आपण पाण्याचा पेला उचललात.

फुआदसाहेब म्हणाले, "माझा कारखाना या कामाला हात लावणार नाही. हे नोंदवून घ्या." मी सचिवांना नोंदवा असे मोठ्याने सांगितले. मला सांगण्यात आले की मी कार्यकारिणीत नाही.

दुसऱ्या दिवशी फुआदसाहेबांनी कौन्सिलच्या इमारत विभागाला फोन केला. तपासनीस आले, खालून छत पाहिले आणि त्यांनी त्याच दुपारी हॉल बंद केला. गणपती आवारात, ताडपत्रीच्या मांडवात बसला. पाऊस आलाच. लोक म्हणाले, परधर्मी माणसाने आपला सण रस्त्यावर आणला. तो परधर्मी माणूस रोज संध्याकाळी आरतीला येऊन मांडवाबाहेर, ताडपत्रीच्या धारेखाली उभा राहत असे. त्याला आत या असे कोणी म्हटले नाही. चौथ्या दिवशी सुमनताई ताट घेऊन बाहेर गेल्या.

"घ्या. माझा राग गेलेला नाही. पण उपाशी ठेवणार नाही."

त्यांनी मोदक खाल्ला आणि विचारले, "मॅडम, पथक कुठे आहे?"

"चिखलात लेझीम होत नाही साहेब."

"होते. फक्त आवाज कमी येतो."

पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मंडळाने ठराव केला नाही. त्याची गरजच पडली नाही. हळदीकुंकवात, क्रिकेटच्या सामन्यात, डॉक्टरांच्या पार्ट्यांत एकच वाक्य फिरले : हॉल बंद पाडणारा. फुआदसाहेब पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि एका म्हातारीच्या ओल्या भिंतीचे प्रकरण माझ्या हाती देऊन म्हणाले, "आता हे मला करता येणार नाही, तुम्ही पाठपुरावा करा." स्वतःविषयी एक शब्दही नाही.

आणि नंतर, महोदय, आपण खांब बसवलेत. नूतनीकरण झाले, पितळी पाटी लागली, तीवर आपले नाव आहे. मी गालिच्यांच्या गोदामात जाऊन पाहून आलो. दोन नवे पोलादी खांब. कोठे? त्याच दोन गोल डागांखाली. फुआदसाहेबांचा कारखाना त्या कामाच्या जवळपासही फिरकला नव्हता. आता मी विचारतो, आणि याचे उत्तर मला कोणीही दिलेले नाही : मजला पक्का होता, तर खांब कशाला? आणि खांब हवे होते, तर विघ्न कोणी आणले?

मी आयुष्यभर घडलेल्या गोष्टींचे अर्ज लिहिले. आग लागली, पाणी शिरले, माणूस पडला; तारीख घालायची, साक्षीदार द्यायचे, फोटो जोडायचा. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही. तो मजला त्या उत्सवात एखाद्या रात्री आरतीच्या गर्दीत खाली आला असता, तर फुआद नज्जार यांनी आधी इशारा दिला होता हे प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगितले असते, त्यांच्या सत्काराचा ठराव आपणच मांडला असता. मजला आला नाही. सगळी माणसे घरी गेली, जेवली, झोपली, आणि त्या झोपेचा जाब त्यांनी फुआदसाहेबांनाच विचारला. माणसाला योग्य ठरण्यासाठी आधी आपली माणसे मरावी लागतात काय? मला हे असह्य होते.

यंदा त्यांनी कारखाना विकला. तिकडे पूल पुन्हा बांधायचे काम चालले आहे आणि जुन्या इंजिनियरांना बोलावणे आले आहे. स्टेशनवर निरोप द्यायला मी आणि हरीशभाई, दोघेच. हरीशभाईंनी पेढ्यांचा पुडा दिला. मी म्हणालो, "साहेब, मी मंडळाला अर्ज करणार आहे."

"नको उस्ताज. मजला उभा आहे ना?"

"आहे."

"लोक नाचतात?"

"नाचतात."

"मग तुमचा अर्ज मंजूर झाला."

गाडी हलली तेव्हा ते आमच्याकडे पाहत नव्हते. समोरच्या अनोळखी इंग्रज बाईपुढे पुडा धरून ते तिला पेढा घेण्याचा आग्रह करीत होते. ती नको नको म्हणत होती. खिडकी पुढे सरकली तेव्हा तिने घेतला.

त्यांच्या दृष्टीने अर्ज मंजूर झाला असेल. माझ्या दृष्टीने नाही, आणि त्याचे कारण फुआदसाहेब नाहीत. मागच्या आठवड्यात सुमनताईंनी मला हॉलच्या जिन्यात नेले आणि वरच्या वळणावर, कठडा भिंतीत शिरतो तेथली एक भेग दाखवली. बोट जाईल एवढी आहे. मी म्हणालो, "ताई, कार्यकारिणीला सांगितलंत?"

"नको बाबा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वृत्तांतात माझं नाव यायचं."

अध्यक्षमहोदय, हे आपण कमावले आहे. ज्या बाईने आपल्याला भर बैठकीत वजनकाटा दाखवला, ती आता भेग दाखवायला घाबरते.

सबब विनंती की, वृत्तांतातील "विघ्न आणणारे" हे शब्द काढून टाकावेत. ते दोन खांब का बसवावे लागले, हे पुढील सभेत सर्वांसमक्ष सांगावे. आणि ती भेग लेझमीची तालीम सुरू होण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. पहिल्या दोन मागण्या आपण फेटाळल्यात तरी मी पुन्हा अर्ज करीन. तिसरीला पुन्हा अर्ज करायला वेळ असेलच, असे मी सांगू शकत नाही. या अर्जाचे लेखी उत्तर मिळावे.

आपला,
श्रीपती बाबूराव माने